वीस मिनिट पुढचा माणूस

काकायच्या घरी पाच घड्या होत्या अन् पाचही खोटं बोलत. एक हॉलमधी, एक सैपाकघरात, एक देवाजवळ, एक झोपाच्या खोलीत, अन् पाचवी काकायच्या मनगटावर. पाचही वीस मिनिट पुढं. एखादी घडी सुस्तावली, काटा जरा मागं आला, का काका स्टूल घेऊन चढत, काटा ढकलत, अन् उतरून हात झटकत, जसं काही नहरीचं गेट बंद करून आले. नोकरी नहर विभागातच, कालव्यावरच केलती म्हणा त्यायनं. रिटायर झाल्यावर गेट राह्यले नाही, तं घड्या धरल्या.

मी त्यायचा किरायदार. वारासिवनीचा पोरगा, बालाघाटले बसस्टँडजवळ टायपिंग-फोटोकॉपीच्या दुकानात कामाले लागलतो, अन् यायच्या मागच्या खोलीत राहो. पहिल्याच सकाळी अंगणातल्या नळावर ब्रश करून राह्यलो, अन् खिडकीतून हॉलमधली घडी पायली तं दुकान उघडाचा टाइम होऊन गेलता. तोंडात पेस्ट तशीच, पँट चढवली, सायकल हाणली, दुकानात पोचलो. शटर बंद. बाजूचा पानवाला टपरी झाडून राह्यलता. म्हणे, "क्या बात है, नई नौकरी का जोश है?"

संध्याकाळी हे काकूले सांगतलं तं काकू हसता हसता खालीच बसल्या. "अरे बाबू, आमच्या घरात नुसती घडी पाहाची नसते. घडी पाहाची, त्यातून वीस काढाचे, मंग जे उरते तो टाइम."

तेव्हापासून मी बी वीस काढाले शिकलो. काकू काढत, दूधवाला काढे, भांडेवाली बाई काढे. म्हणजे घड्या पुढं अन् माणसं होती तिथंच. सगळ्या घरात न काढणारा एकच माणूस होता, तो म्हणजे खुद्द काका. आपणच काटा पुढं ढकलाचा, अन् आपणच त्या काट्यावर इमान ठेवाचं, असं त्यायचं काम.

मले नकला कराचा किडा लहानपणापासून. मास्तर, कंडक्टर, कोणालेच सोडलं नाही. काका तं हातात आलेलं आयतं गिऱ्हाईक. उंच, बारीक, खिशाले पेनाच्या जागी टेस्टर. घसा खाकराचा, खांदा उचलाचा, मनगट पार नाकाजवळ न्याचं, अन् अशा आवाजात ओरडाचं जसं काही वैनगंगेले पूर आला: "टाइम झाला, टाइम! उशीर झाला का माणूस गेला कामातून!" एक दिवस अंगणात काकूसमोर हेच करून राह्यलो. काकू पदर तोंडाले लावून हसून राह्यल्या, अन् मधातच गप्प झाल्या. मागं पाहतो तं काका. म्हटलं, गेली खोली.

काकायनं मले वरून खाली पायलं. म्हणे, "खांदा चुकला."

"काय काका?"

"डावा खांदा वर जाते माझा. तू उजवा उचलून राह्यला. अन् पहिले खाकरणं, मंग खांदा. पुन्हा कर."

केलं पुन्हा. काय करता.

"हां, आता जमलं," काका म्हणे. मंग खाकरले, अन् मनगट नाकाजवळ नेलं. "चाल, टाइम झाला. दुकानात जाय." पायलं तं खरंच डावा खांदा वर गेलता.

कोणाच्या घरी लग्न असलं अन् काकायले बोलावणं गेलं का तिथल्या लोकायले धास्तीच बसे. पत्रिकेत जो टाइम छापला, त्याच्या आधी जाचं, तेही आपल्या घडीनं. एका लग्नात गेले तं मांडववाले गड्डे खोदून राह्यलते. आता रिकामं कसं उभं राहाचं, म्हणून काकायनं मांडवाच्या खांबाची एक बल्ली धरली. तेवढ्यात नवरीचा बाप धोतर सावरत बाहेर आला, यायले टेंटवाल्याचा माणूस समजला, अन् ओरडला, "अबे, सीधी पकड़ ना! सोया है क्या?" काकायनं सीधी पकडली. मांडव उभा होईपर्यंत पकडली. मंग हात धुतले, खिशातून आहेराचा लिफाफा काढला, अन् त्याच बापाच्या हातावर ठेवला. तो माणूस जेवणाच्या पंगतीपर्यंत यायच्या मागं मागं हात जोडत फिरे, अन् काका म्हणत, "अजी सोडा, बल्ली तिरपीच होती."

बसचं तं विचारूच नका. ड्रायव्हर चहा पिऊन राह्यला, कंडक्टरचा पत्ता नाही, अन् रिकाम्या गाडीत काका आपले खिडकीजवळ बसलेले. एकदा ती बस स्टँडावरून निघाली ते थेट पंक्चरच्या दुकानात. काका उतरले नाही. जॅक लावून गाडी एका बाजूनं वर उचलली तरी काका आत, तिरपे. पंक्चरवाला म्हणे, "बाबूजी, उतर जाओ." काका म्हणे, "सीट जाएगी."

मी काकूले एकदा विचारलं, "काकू, हे पहिलेपासून असेच का?"

काकू सुपात तांदूळ निवडून राह्यल्या होत्या. खडा फेकून म्हणे, "नाही रे. मले पाहाले आले तेव्हा उशिराच आलते."

"उशिरा? काका?"

"हौ. माझं माहेर कटंगी. हे छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीनं येणार होते. सकाळपासून मले नटवून बसवलं, आईनं पोहे भिजवले, पाव्हणेरावळे सगळे येऊन बसले. यायची गाडी चुकली. सायकल मांगून आले म्हणे कोणाची. आले तं दिवेलागण झालती, पोह्यायचा लगदा, अन् माझ्या डोळ्यातलं काजळ गालावर. आई यायच्यासमोरच बोलली: पोरगा बाकी ठीक आहे, पण टाइमाचा पक्का नाही दिसत."

"मंग?"

"मंग काय? लग्न झालं, अन् घरात पहिली घडी आली. तवापासून दरवेळी कटंगीले आधी पोचतात, अन् आईसमोर घडी पाहातात. आईनं काही म्हणावं म्हणून. आई काही म्हणत नाही."

आता मशीनचं सांगतो. नागपूरले शिकणाऱ्या त्यायच्या भाच्यानं सुट्टीत येऊन एक कम्प्युटर जोडून देलता. साधा नव्हे. त्यात असं कार्ड होतं का केबलची वायर मागं खुपसली का टीव्हीवर चालणारा कार्यक्रम त्याच्यात भरून राहे. पाहिजे तेव्हा पाहा. वरून टाइम लावून ठेवला तं आपण घरी नसलो तरी तो आपल्या मनानं रेकॉर्ड करे. काका खूश. "आता टीव्ही माझ्या टाइमानं चालन!" उशीच्या खोळीचा कव्हर शिवून घातला त्याले, अन् टीव्हीच्या बाजूले देवासारखा बसवला.

पण देवाले एक खोड होती. आमच्याकडे तेव्हा बिजलीकटौती अशी का लाइट येते कवा अन् जाते कवा याचाच हिशेब लोकं करत. लाइट गेली अन् परत आली, मशीन सुरू केलं, का काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी कुरकुर करे, मंग बटन दाबलं का उठे, अन् कोपऱ्यात तारीख दाखवे एक जानेवारी. साल तं असं जुनं का तेव्हा काका रिटायरही झाले नव्हते. दरवेळी एक जानेवारी. मे महिन्यात कूलर चालू, घाम गळून राह्यला, अन् मशीन म्हणते एक जानेवारी. काकू सैपाकघरातून विचारत, "काय हो, झालं का पुन्हा नवीन साल? गोड काही करू का?"

लाइट रोजच जाये, मंग टाइम लावलेली रेकॉर्डिंग कशी होईन? मशीनच्या हिशेबानं ती सिरियल यायले अजून वर्षं होती. एकही कार्यक्रम आपोआप भरला नाही कधी. काका आपले समोर बसून हातानं बटन दाबत.

काकायनं रोग शोधला: अर्थिंग कमजोर आहे. अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा गड्डा होता. त्यात रोज सकाळी बाल्टीभर मीठपाणी टाकाले लागले. मशीन काही सुधरलं नाही, पण त्याच्या बाजूले काकूनं सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला होता, तो सगळा जळाला. काकू म्हणे, "तुमच्या एक जानेवारीपायी माझ्या भाजीतला सांभार गेला." काका म्हणे, "थोडे दिवस सबर कर वं. अर्थिंग हळूहळू धरते."

अन् अशातच ती गोष्ट आली. काकूची भाची नागपूरले, तिनं काकूचं नाव एका मराठी चॅनलच्या सैपाकाच्या कार्यक्रमाले देलतं. काकूले बोलावणं आलं, काकू जाऊन शूटिंग करून आल्या. काका सोबत होते, म्हणून स्टुडिओत पोचले तेव्हा चौकीदार दात घासून राह्यलता हे वेगळं सांगाले नको. काकूनं केला गोळाभात. बेसनाचे गोळे, भातात शिजवलेले, वरून हिंगाचं कडक तेल. आमच्याकडे घरोघरी होते, पण काकूच्या हातचा म्हणजे गोळा एकही फुटत नाही.

कार्यक्रम दाखवाची तारीख कळली तं नेमकं त्याच दुपारी वारासिवनीले काकूच्या दिराच्या पोरीचं लग्न. टाळता येईना. पाहाचं काय, ते तिथं कोणाच्याही टीव्हीवर पाहून घेतलं असतं. पण काकूचं दुखणं वेगळं होतं. त्या मले अंगणात गाठून हळूच म्हणाल्या, "बाबू, ते मशीन एवढं एकदा चालवून दे. मले नाही पाहाचं, आईले दाखवाचं आहे. तिच्यानं आता खाटेवरून उठवत नाही, अन् तिकडे केबल नाही. टीव्हीवर मी तिचं नाव घेतलं रे. म्हटलं, हे माझ्या आईनं शिकवलं. तिच्यासमोर असं काही मी जनमात बोलली नाही. तिच्या कानावर पडलं पाहिजे."

मी म्हटलं, "काकू, मशीनचा सेल गेला. बस, तेवढंच. आमच्या दुकानातल्या मशीनचं असंच झालतं."

मागून काका. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही अर्थिंगच्या मागं होते, काका."

मशीन उघडलं. आत धूळ, दोन पालीचे अंडे, अन् मधात रुपयाच्या नाण्याएवढा सेल. काकायनं तो चिमटीत धरून उजेडात फिरवला. "एवढुसा? एवढ्या मोठ्या मशीनचा टाइम याच्या भरोशावर?" मी म्हटलं, "हौ. लाइट नसली का हाच टाइम धरून ठेवते." काका बराच वेळ त्याच्याकडे पाहत राह्यले. त्यायले तो सेल आवडला होता.

चौकातल्या घडीवाल्याकडे नेला. तो डोळ्याले भिंग लावून म्हणे, "किस घड़ी का है?" काका छाती काढून म्हणे, "हमारी छठी घड़ी का."

नवीन सेल बसवला. काका कीबोर्डवर बोट धरून बसले अन् ओरडले, "सांग वं, किती वाजले?" काकू गॅसजवळ होत्या, त्यायनं तिथूनच वाचून सांगतलं. काकायनं आपल्या मनगटाशी ताडून पायलं. "बराबर!" टाइम टाकला. मंग मेन स्विच बंद केला, चालू केला. तारीख कायम, टाइम कायम. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कायम. काका पोरासारखे खटखट करून राह्यले, आतून काकू ओरडल्या, "फ्रिज जाईन नं!" तेव्हा थांबले. मी अशी सेटिंग बी करून देली का लाइट आली का मशीन आपल्या मनानं उठन. लग्नाच्या दिवशी सकाळी लाइट जाणार हे पक्कं होतं अन् दुपारी येणार हेही. आता काही चिंता नव्हती.

वारासिवनी माझंच गाव, म्हणून लग्नाले मी बी गेलतो; तिथं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मांडवाच्या समोरच्या घरी टीव्ही लावला, अर्धं वऱ्हाड तिकडेच. काकू काही समोर बसल्या नाही, दरवाजाच्या आड उभ्या. टीव्हीतल्या काकू नवीनच बाई होत्या. "आता आपण गोळे अलगद सोडणार आहोत." असं बोलल्या का सगळ्या बाया वळून खऱ्या काकूकडे पाहात. दिराची बायको म्हणे, "अवं माय, घरी तं तू टाक वं त्याच्यात म्हणते!" अन् काकूनं आईचं नाव घेतलं तेव्हा दरवाजाच्या आडून नाक ओढाचा आवाज आला. मी ते सगळं डोळ्यात अन् कानात भरून घेतलं. सवयच आहे, मले काही कराले लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं. फाइल होती! पहिल्यांदा आपोआप फाइल होती! काकायनं माझ्या पाठीत असा धपका मारला का मी कीबोर्डवर पडलो. सुरवात लावली तं कोणी भविष्यवाले महाराज बोलून राह्यलते. म्हटलं ठीक आहे, आधीच्या कार्यक्रमाची शेपटी असन. मी पुढं सरकवाले गेलो तं काकायनं हात धरला. "बंद कर. पहिले मामी पाहीन, मंग आपण." सासूले ते मामी म्हणत. तशीच न पाहता सीडी बनवली. काकूनं ती नव्या रुमालात बांधली.

कटंगीले गेलो तिघं. मले काहून नेलं, तं काका म्हणे टेक्निकल माणूस पाहिजे. आजीच्या, म्हणजे काकूच्या आईच्या, शेजारच्या घरून टीव्ही अन् सीडी प्लेयर आणून खाटेसमोर लावला. आजी म्हणजे खाटेवर पडलेली मूठभर म्हातारी, पण जीभ ठणठणीत. आल्या आल्या काकायनं नेहमीसारखी घडी पायली अन् म्हणाले, "मामी, टाइमाच्या आधी आलो." आजी म्हणाल्या, "बसा, जवाईबापू." बस.

सीडी लावली. महाराज सुरू. मेष, वृषभ, मिथुन. आजी म्हणे, "हा कोण?" काका म्हणे, "जातेच आता, मामी." कर्क, सिंह, कन्या. काही केल्या महाराज जाईना. तूळ. वृश्चिक. काकू माझ्याकडे पाहाले लागल्या, मी प्लेयरकडे. अखेर मीन झाली, जाहिराती झाल्या, अन् पडद्यावर काकू आल्या, हिरव्या लुगड्यात. आजी कोपरावर उठल्या. "माय वं! हे तं आपली बाई!" काकूनं बेसन भिजवलं, गोळे केले, भातात सोडले, अन् वर झाकण ठेवलं. कार्यक्रमातली बाई हसून म्हणाली, "झाकण उघडूया छोट्याशा ब्रेकनंतर!"

अन् पडदा निळा झाला. सीडी संपली.

मी प्लेयर ठोकला, सीडी पुसली, पुन्हा लावली. पुन्हा महाराज.

"लाइट गेली असन का तेव्हा?" मी म्हटलं.

"फाइल तं पुरी आहे," काका म्हणे. मंग काकू एकदम कपाळाले हात लावून म्हणाल्या, "अहो, तुम्ही मले टाइम विचारलता नं तेव्हा? मी सैपाकघरातली घडी वाचून सांगतली."

काकायनं मनगट नाकाजवळ नेलं. पहिल्यांदा पायलं, त्यायचा खांदा वर गेला नाही.

वीस मिनिट. सगळ्यायले माहीत होतं, दूधवाल्याले माहीत होतं. फक्त मशीनले कोणी सांगतलं नव्हतं का बाबा रे, वीस काढ. त्या बिचाऱ्यानं घडी खरी मानली. घरात काकासारखं दुसरं तेच निघालं.

आजीनं काकाकडे पायलं. इतक्या वर्षायचं बोलणं पोटात धरून होत्या त्या. म्हणाल्या, "जवाईबापू, तवा उशिरा आले. आता लवकर आले. टाइमावर कवा येता?"

मले हसू आलं, पण काकायचं तोंड पाहून गिळलं. ते मनगटावरची घडी काढून बसले. "अबे, तुझ्या घडीत किती झाले?" मी सांगतलं. काकायनं किल्ली ओढली अन् काटा मागं फिरवला. मागं! काकूनं डोळे वटारून पायलं. त्या संसारात काटा पहिल्यांदा मागं चालला होता.

"मंग पुढं काय झालं?" आजी मले म्हणाल्या. "झाकणाच्या आत काय होतं?"

काकू म्हणे, "काय असन आई, गोळेच होते."

"तुले नाही विचारलं. या पोराले विचारलं. यानं पायलं नं?"

मी उठलो. खांद्यावर टॉवेल पदरासारखा घेतला. पहिले कार्यक्रमातली बाई झालो, मान वाकडी करून: "अय्या, किती सुंदर सुगंध! काकू, हे गोळे फुटत कसे नाहीत हो?" मंग काकू झालो. टीव्हीतल्या काकू, जरा अवघडलेल्या, पदराचं टोक बोटाले गुंडाळत. "ते असं आहे, की हे मी शिकली माझ्या आईकडून. ती कटंगीला असते. ती म्हणायची, गोळा सोडला का त्याला हात लावू नको, त्याला त्याचं शिजू दे. आज मी जे काही रांधते, ते सगळं तिचंच आहे."

आवाज बरोबर लागला होता. मलेच काटा आला. काकू भिंतीकडे वळून उभ्या राह्यल्या.

"पुन्हा म्हण," आजी म्हणाल्या.

पुन्हा म्हटलं. मंग आणखी एकदा. तिसऱ्यांदा आजी म्हणाल्या, "ते हात लावू नको मी नव्हतं म्हटलं. माझ्या सासूनं म्हटलं होतं. पण राहू दे, टीव्हीवर माझंच नाव राहू दे."

अन् मंग काका खाकरले. डावा खांदा वर गेला. "चला, टाइम झाला, टाइम! शेवटची बस आहे!"

"बसा हो," काकू म्हणाल्या. "अजून वीस मिनिट आहेत. चहा घ्या."

"अवो, नाहीत! मी आत्ता घडी ठीक केली!"

"हौ हौ," मी म्हटलं, "होते काका, होते." अन् चहाची बशी उचलली. खोटं कशाले सांगू, काटा मागं फिरवताना माझ्याच डोळ्यानं पायला होता, पण काका "टाइम झाला" म्हणाले का अंगच हलत नव्हतं आमचं. काका दारात उभे राहून ओरडून राह्यलते, "खरा टाइम आहे हा! देवाशपथ खरा टाइम आहे!" अन् काकू दुसऱ्यांदा साखर घालून राह्यल्या होत्या. आम्ही स्टँडावर पोचलो तं बस गेल्याची धूळ तेवढी भेटली. जनमात पहिल्यांदा काकायची घडी खरी होती, अन् जनमात दुसऱ्यांदा त्यायची गाडी चुकली. दोन्ही वेळा कटंगीच्या पायी.

परतलो तं आजी जाग्याच. म्हणाल्या, "आले का परत? बरं झालं. बाई, बेसन आहे डब्यात."

मंग झाला तो कार्यक्रम. खाट सैपाकघराच्या दारापर्यंत सरकवली. काकू चुलीपाशी, खऱ्या, घरच्या लुगड्यात. मी टॉवेल घेऊन कार्यक्रमातली बाई. "तर काकू, आता आपण काय घालणार?" "घालते तुझं डोस्कं, सरक, धूर येते." आजी खाटेवरून हुकूम सोडून राह्यल्या: तिखट कमी, ओवा कुठं आहे, झाकण नीट बसव. काकायले मी जाहिरात बनवलं. ते मधातच दारात उभे राहून म्हणाले, "घडी ठीक करा. सेल बदला. आपल्या घरी खरा टाइम लावा." कोणाले वाटलं नव्हतं का काकायले नकल येते. ती स्वतःचीच होती.

भात शिजला. काकूनं झाकणाले हात घातला अन् थांबल्या. आईकडे पायलं.

"उघड," आजी म्हणाल्या.

झाकण निघालं. गोळे सगळे साबूत. काकूनं हिंगाचं तेल सोडलं, चर्र झालं, अन् काका आपली थाळी घेऊन, खाली मान घालून, येऊन बसले. आजीनं त्यायच्याकडे पायलं, मंग थाळीकडे, मंग वाफेकडे.

"वाढ वं जवाईबापूले," त्या म्हणाल्या. "आज टाइमावर आले."